इंदूर: आईचे गुडघे, कॉलनीतले ब्रेकर आणि पुण्याच्या खेपा. कॉम्पॅक्ट एसयूव्ही की सेडान?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. जुनी हॅचबॅक काढायची आहे. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, ११ आणि ७ वर्षांची मुलं आणि आई. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, उंची पाच फुटांच्या आतच. गाडी महिन्याला ८००-९०० किमी चालते, त्यातलं बहुतेक सुदामानगर ते विजयनगर, म्हणजे सिग्नलवरचंच. वर्षातून दोन-तीनदा पुणं, मानपूर-सेंधवा-शिरपूर-धुळे मार्गे, पाची जण आणि सामान. येताना आंब्याची पेटी वेगळी.

यादीत एका बाजूला नेक्सॉन पेट्रोल आणि व्हेन्यू, दुसऱ्या बाजूला व्हर्टस किंवा स्लाव्हिया १.० (एक लिटर इंजिनवाली) आणि होंडा सिटी. शोरूममध्ये जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो. मला एवढंच हवं आहे: आईला चढ-उतार कशात सोपी, गल्लीतल्या ब्रेकरवर आणि घरासमोरच्या रॅम्पवर सेडान खरंच घासते का, आणि पाच-सात वर्षांत खर्चात फरक कुठे पडतो. कंपन्यांची भांडणं नकोत, प्लीज.

मापाडी

दादा, शोरूमला जाताना खिशात मेजरिंग टेप ठेवा. या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

आधी आईंचं. उंच गाडी म्हणजे चढायला सोपी, हे अर्धंच खरं आहे. गुडघ्याला त्रास होतो तो खोल बसताना आणि खोलातून उठताना, म्हणून सेडान वाईट म्हणतात. पण पाच फुटांच्या आतल्या माणसाला सीट जास्त उंच झाली तरी पंचाईत, कारण मग आधी एक पाय आत टाकून त्या एकाच गुडघ्यावर सगळं अंग वर उचलावं लागतं. बरोबर उंची ओळखायची खूण अशी: आईंना मागच्या दाराशी गाडीकडे पाठ करून उभं करा. सीटची बाहेरची कड मांडीच्या वरच्या भागाला, बैठकीच्या जरा खाली लागली पाहिजे. म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर ठेवून नुसतं मागे टेकलं की बसता येतं आणि मग पाय आत फिरवता येतात. कड गुडघ्याच्या जवळपास आली तर गाडी खोल, कमरेला आली तर उंच.

नंतर उंबरा पाहा. दाराखालची पट्टी बाहेरून आतपर्यंत किती रुंद आहे आणि आतली जमीन तिच्यापासून किती खोल आहे, ही दोन मापं घ्या. उंबरा रुंद असला की सीट योग्य उंचीवर असूनही पाय लांब टाकावा लागतो. तिसरं, दाराच्या वरची कड. आजच्या सेडानचं छप्पर मागे उतरतं असतं, त्यामुळे मागे बसताना मान आणि गुडघे एकाच वेळी वाकवावे लागतात. कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा खरा फायदा सीटच्या उंचीत आहे तेवढाच या वरच्या कडेत आहे. आईंना मागे न बसवता पुढे डावीकडे बसवून बघा, तिथे दोन्ही प्रकारांतला फरक पुष्कळ कमी होतो. अनेक व्हेरियंटमध्ये उंची बदलणारी सीट फक्त ड्रायव्हरला असते, डावीकडे आहे का ते विचारून घ्या.

बाजूचं फूटस्टेप ॲक्सेसरी म्हणून गळ्यात मारतील. घेऊ नका. उतरताना त्याच्यामुळे पाय आणखी लांब टाकावा लागतो, पावसात ते घसरतं, आणि पोटाखालची जागा जाते ती वेगळीच.

आता ब्रेकर. ब्रोशरमधले ग्राउंड क्लिअरन्सचे, म्हणजे पोट आणि रस्ता यांतल्या अंतराचे आकडे: नेक्सॉन २०८ मिमी, व्हर्टस आणि स्लाव्हिया १७९, सिटी १६५. हे सगळे रिकाम्या गाडीचे. इंडियन रोड्स काँग्रेसचा जो नमुना ब्रेकर आहे तो ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा. २.६ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) गाडी त्याच्या माथ्यावर असताना चाकांच्या मधोमध रस्ता फक्त ५ सेंमी वर येतो. म्हणजे नियमाने बांधलेल्या ब्रेकरवर कुठलीच सेडान घासायला नको. घासते ती कॉलनीवाल्यांनी उरलेल्या काँक्रीटचा हातभर रुंद आणि वीतभर उंच बांध घातलेला असतो तिथे. तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, त्यामुळे त्याची अख्खी उंची पोटाला लागते. अशा १५ सेंमीच्या बांधावरून रिकामी सिटी दीड सेंमीने सुटेल, भरलेली नाही.

भरल्यावर गाडी किती बसते हे घरच्या घरी मोजता येतं. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर पुढे आणि मागे रिकाम्या गाडीत घ्या, मग पाची जण आणि सामान भरून पुन्हा घ्या. समजा पुढे १५ आणि मागे ४५ मिमी फरक आला, तर मधलं पोट साधारण ३० मिमी खाली आलं. ते ब्रोशरच्या आकड्यातून वजा करा. टेस्ट ड्राइव्हला सेल्समनसकट पाच जण बसवले तर हे तिथेही करता येईल. कुरकुर करतील, करू द्या.

रॅम्पचं गणित वेगळं. तिथे खाली बंपरचा ओठ लागतो आणि माथ्यावर पोट. घराचा ओटा रस्त्यापासून ३० सेंमी वर असेल तर रॅम्प किमान २.४ मीटर लांब हवा, म्हणजे आठास एक चढ. बहुतेक ठिकाणी एक-सव्वा मीटरचाच असतो. तो रस्त्यावर पुढे काढू नका, अतिक्रमणात जाईल; गेटच्या आत उतार वाढवा आणि माथ्याची धार फोडून गोल करा. एवढ्याने सेडानचं निम्मं रडगाणं संपतं. आणि गेटची रुंदी मोजा. लांबीत सेडान अर्धा मीटर जास्त आहेच, पण रुंदीत उलट आहे: नेक्सॉन १८०४ मिमी, व्हर्टस १७५२. आरसे वेगळे.

घाटमार्ग

मापाडींशी गल्लीपुरता सहमत. पण प्रश्नात पुणंही आहे, सहाशे किलोमीटरच्या आसपासचं, आणि तिथे माझं मत सेडानकडे.

पहिलं कारण डिकी. नेक्सॉन ३८२ लिटर, व्हेन्यू त्याहून थोडी कमी, सिटी ५०६, व्हर्टस-स्लाव्हिया ५२१. पाच जणांच्या दोन मोठ्या बॅगा, दोन लहान आणि ती आंब्याची पेटी सेडानमध्ये झाकणाखाली बसते. कॉम्पॅक्ट एसयूव्हीत ती छतापर्यंत रचावी लागते. मागचं दिसत नाही, आणि करकचून ब्रेक लागला की वरची बॅग थेट मागच्या डोक्यांवर. सेडानला मध्ये सीटची भिंत असते. लसणाच्या शेवेचा आणि पिकत्या आंब्याचा वासही भिंतीपलीकडेच राहतो, हा फायदा कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो.

पण एक तपासा: सेडानच्या डिकीच्या झाकणाच्या वाकड्या बिजागऱ्या बंद करताना आत उतरतात. तुमची मोठी सूटकेस शोरूमला न्या, कडेला उभी ठेवा आणि झाकण हळू खाली आणा. कितीतरी गाड्यांत लिटर असतात पण बिजागरी नेमकी सूटकेसच्या कोपऱ्यावर येते.

दुसरं, वेगातली स्थिरता. धुळ्याकडे ट्रकच्या रांगेला ओलांडताना ट्रकच्या नाकापुढे आलं की बाजूने वाऱ्याचा फटका बसतो. उंच, आखूड गाडी तिथे जास्त हलते आणि स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. बिजासन घाटाच्या वळणांवर मागच्या सीटवरची मुलं डावी-उजवीकडे झुलतात ती उंचीमुळेच. ज्या मुलाला गाडी लागते त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी १०० ला उंच गाडीचं ॲव्हरेज सेडानपेक्षा लवकर पडतं. ८० ला चालवलंत तर फारसं कळणार नाही.

सेडानच्या विरुद्ध एक गोष्ट मात्र सांगायला हवी. व्हर्टस-स्लाव्हियात मागे तीन जण दाटीने बसतात. मधला बोगदा उंच आहे आणि बाहेरून गाडीच अरुंद आहे. गुडघ्यांपुढे जागा भरपूर, खांद्यांना कमी. आई आणि दोन मुलं आज मावतील, मुलगा पंधराचा झाला की कुरबुर सुरू. मधल्या जागेला तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याचा टेकू आहे का हे प्रत्येक व्हेरियंटला वेगळं बघा.

कुठलीही घ्या, सामान भरल्यावर हेडलाइटच्या उंचीचा गोल खटका ० वरून २ किंवा ३ वर न्यायला विसरू नका. मागून बसलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारते. रात्रीच्या रस्त्यावर अर्ध्या शिव्या त्यासाठीच पडतात.

सुदामानगरकर

खूपच कामाचं. रॅम्प मोजला: उंची २६ सेंमी, लांबी १.१ मीटर. आत वाढवायला जागा आहे. आता खर्चाचं कोणी सांगा. आणि सेडानला स्प्रिंगमध्ये रबर टाकून उंच करतात म्हणे, ते कितपत बरं?

जमाखर्च

२६ ला १.१ म्हणजे चारास एक चढ. असाच ठेवलात तर सेडान काय, काही हॅचबॅकही घासतील. २.१ मीटर करा.

खर्चात सगळ्यात मोठा फरक पहिल्याच दिवशी पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. यातली एक अट जरी मोडली तरी सरळ ४० टक्के. करापूर्वी ८ लाखांची गाडी पहिल्या खान्यात ९.४४ लाखांना पडते, दुसऱ्यात ११.२० लाखांना. पावणेदोन लाखांचं अंतर, आणि त्या वाढलेल्या किमतीवर आजीवन रोड टॅक्स आणि विमाही वाढतो. यात एक गंमत आहे: ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ४० मध्ये. दिसायला कॉम्पॅक्ट, कराला मोठी. उलट डिझायर आणि अमेझ सेडान असून १८ मध्ये.

थर्ड पार्टी विम्याचं उलटं आहे. तो लांबी बघत नाही, फक्त सीसी बघतो. १००० पर्यंत वर्षाला २०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३४१६. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो: ६५२१ किंवा १०,६४०, वर जीएसटी. त्यामुळे ९९९ सीसीची साडेचार मीटर लांब व्हर्टस स्वस्त खान्यात आणि ११९९ सीसीची नेक्सॉन महाग खान्यात. रक्कम किरकोळ आहे, पण एजंटने कुठला खाना लावलाय ते कोटेशनवर तपासा.

टायरला पुढची पाच वर्षं पैसे जातात. नेक्सॉनच्या वरच्या व्हेरियंटला २१५/६० आर १६, व्हर्टसला २०५/५५ आर १६, सिटीला वर १८५/५५ आर १६. यातला दुसरा आकडा म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशोब केला तर नेक्सॉनची भिंत १२९ मिमी, व्हर्टसची ११३, सिटीची १०२. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्याची धार बसली की पातळ भिंत रिम आणि डांबराच्या मध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. तो फुगा दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. म्हणून सिटी घेतलीत तर १५ इंची चाकांचं खालचं व्हेरियंट जास्त शहाणपणाचं. दिसायला साधं, चालायला मऊ. हवा सकाळी थंड टायरमध्येच भरा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. त्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, पुण्याला निघताना तोच लावा.

आणि घाई नसेल तर मेळ्यापर्यंत थांबा. उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात २०२४ पासून रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळत आली आहे, ग्वाल्हेरच्या मेळ्यात त्याच्याही आधीपासून. दिवस साधारण महाशिवरात्र ते गुढीपाडव्याच्या सुमाराचे. इंदूरचे डीलर तिथे दुकान लावतात. अट अशी की नोंदणी उज्जैन आरटीओलाच, म्हणजे नंबर एमपी ०९ नव्हे, एमपी १३. आदेश दरवर्षी नव्याने निघतो, तो निघाल्याशिवाय डीलरच्या तोंडी आश्वासनावर बुकिंगची रक्कम अडकवू नका. सूट करावर असल्यामुळे महाग गाडीला रुपयांत जास्त वाचतात, तिथे सेडानचं अंतर थोडं भरून निघतं.

गॅरेज_राऊ

स्प्रिंगमधलं रबर टाकू नका. कॉइलच्या दोन वेढ्यांमध्ये तो ठोकळा बसला की तेवढे वेढे काम करायचे थांबतात. सगळा भार उरलेल्या वेढ्यांवर येतो, स्प्रिंग कडक होते आणि ठोकळ्याच्या कडेलाच तुटते. शॉकॲब्सॉर्बरची चाल बदलते, अलाइनमेंट बिघडतं, टायर आतल्या बाजूने खातात. वॉरंटीत सस्पेन्शनचा क्लेम टाकलात की सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा तेच शोधतं. भरलेली सेडान वाईट बांधावरून न्यायची असेल तर तिरकी न्या, एकेक चाक चढवत. पोट सरळ बांधावर येत नाही. खाली काय घासतं ते पण माहीत असू द्या: बहुतेक वेळा इंजिनखालचं प्लास्टिक कव्हर आणि बंपरचा ओठ. कव्हरच्या क्लिपा तुटून ते फडफडायला लागलं की लगेच बसवून घ्या, स्वस्तातलं काम आहे. सायलेन्सरच्या मधल्या डब्याला ठोका बसला तर मात्र पाहून घ्यायला हवं.

सस्पेन्शनच्या खर्चात एसयूव्ही म्हणून सूट नाही. चाक जड, लोक बेधडक आपटतात. लहान खड्ड्यावर पुढून कटकट आवाज आला तर आधी स्टॅबिलायझरची लिंक रॉड बघा, स्टिअरिंग फिरवताना वरून टणकन आवाज आला तर स्ट्रट माउंट. कोणी थेट शॉकॲब्सॉर्बरचा जोड सांगितला तर आधी हे दोन बदलायला सांगा.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर लक्षात घ्या, व्हर्टस-स्लाव्हियाच्या १.० ला टॉर्क कन्व्हर्टर आहे (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा), १.५ ला ड्राय क्लचची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स (डीसीटी). पलासिया-विजयनगरच्या रांगेत फूट-फूट सरकायचं असेल तर पहिली बरी. ड्राय क्लचमध्ये असं सरकणं म्हणजे क्लच अर्धा पकडून घासणं, मे महिन्यात तो तापतो. नेक्सॉन-व्हेन्यूच्या डीसीटीलाही हाच नियम: पुढे गाडीभर जागा होऊ द्या मग सोडा, चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका. डिझेल तुमच्या ९०० किमीला नको, गावातल्या छोट्या फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो. सीएनजीचा मोह झाला तर सिलिंडर डिकीत कुठे बसतो ते बघा. नेक्सॉनला दोन लहान सिलिंडर तळाशी असल्यामुळे ३२१ लिटर उरतात, एकच मोठा सिलिंडर असलेल्या गाड्यांत पुण्याचं सामान विसरा. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते.

पाण्याबद्दल कोणी बोललं नाही. ग्राउंड क्लिअरन्स २०८ असला म्हणून २०८ च्या वरच्या पाण्यात घालायची असं नसतं. इंजिन बंद पडतं ते हवेच्या नळीतून पाणी ओढल्यामुळे. तिचं तोंड बॉनेटखाली किती उंचीवर आहे ते बघा. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई देणारी जोड) घेऊन ठेवा.

मापाडी

वरचं सगळं धरून माझं म्हणणं: रॅम्प २.१ मीटर होणार असेल आणि आई पुढच्या सीटवर आरामात बसत-उठत असतील, तर व्हर्टस किंवा स्लाव्हिया १.० टॉर्क कन्व्हर्टर. रॅम्प होत नसेल किंवा आई मागेच बसणार असतील, तर नेक्सॉन पेट्रोल, आणि पुण्याला एक बॅग कमी. सिटी सुंदर गाडी आहे, पण तुमच्या गल्लीला १६५ मिमी कमी पडतील. व्हेन्यू रोजच्या गावातल्या वापराला चांगली, पाच जणांच्या लांब प्रवासाला मागची सीट आणि डिकी दोन्ही तोकडी.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गुळगुळीत रिंगरोडवर संपवू नका. गाडी घरी मागवा, बहुतेक डीलर पाठवतात. आई, मुलं, सूटकेस सगळं भरा, गल्लीतला सगळ्यात वाईट ब्रेकर सरळ पार करा, रॅम्पवर उलटी चढवा. आईंना चार वेळा बसवा-उठवा, पहिल्या खेपेला सगळेच ‘बरं आहे’ म्हणतात.

सुदामानगरकर

गवंडी रविवारी येतोय. दोन्ही गाड्या त्यानंतर घरी मागवतो आणि मापं इथेच टाकतो. आईला पुढे बसायला चालेल का विचारलं, तर म्हणाली, ‘पुढे बसेन, पण मग एसी माझ्या तोंडावर नको.’